खरपुडी, कागद क्रमांक ७१२

एकतीस वर्षं कराडच्या कॉलेजात
मी दुसऱ्यांची पानं वाळवली.
हुद्दा शिपाई. काम रद्दी बदलणं.
पावसाळ्यात रोज बदलावी लागते,
नाहीतर बुरशी धरते.
उसाच्या दराची बातमी फुलाखालून काढायची,
कुस्त्यांच्या निकालाची सरकवायची,
वर लाकडी चौकट, पट्टे,
आणि पट्टे आवळताना माझा गुडघा.

साहेब लॅटिन बोलायचे.
मीही शिकलो, म्हशींच्या हाका शिकलो तशीच,
नुसती कानानं.
सेरोपेजिया.
माझी आई तिला खरपुडी म्हणायची
आणि आमच्या हातात काठी द्यायची.

आम्ही पाटणच्या वरच्या सड्यावरचे, म्हसरंवाले.
कातळावर बोटभर माती,
त्या मातीत लिंबाएवढा कंद,
सोलला की पांढरा, पाणीदार, किंचित गोड.
आईचा एकच कायदा होता:
फूल लागलेल्या वेलाला हात लावायचा नाही.
का, ते तिनं सांगितलं नाही.
संवर्धन हा शब्द मी पुढे खूप वर्षांनी
वनखात्याच्या पाटीवर वाचला.
पाटीला गंज होता.

चौऱ्याऐंशीचा भादवा.
साहेब भिंग घेऊन पुढच्या कड्यावर,
मी मागे, खुरपं घेऊन.
तीन वेल होते.
तिन्हींना फुलं, उभ्या कंदिलासारखी.
एक साहेबांना दाखवला.
दोन जिपेत बसून खाल्ले,
पँटीला पुसून, कुणाला न विचारता.
भूक नव्हती. खरंच नव्हती.
चव आठवली होती, एवढंच.

लेबल साहेबांनी रात्री लिहिलं:
अतिदुर्मिळ. एकच वेल आढळला.
खाली संग्राहकाचं नाव, त्यांचं.
बरं झालं, माझं नव्हतं.

त्या फुलाची एक रीत आहे.
माशी वासानं आत शिरते,
नळीतले केस खाली वळलेले, परत येता येत नाही.
रात्रभर आत.
सकाळी केस सुकतात, वाट मोकळी होते,
माशी निघते, अंगाला दुसऱ्या फुलाची चिठ्ठी चिकटवून.
सातशे बाराच्या नळीत एक माशी आहे.
उजेडाला धरलं की दिसते, तिळाएवढी.
रसकापुराच्या पाण्यातून तीही गेली,
गुडघ्याखालून तीही गेली.
तिची नोंद कुठेच नाही.

परवा थोरवड्यांची तेजल आली घरी,
साहेबांच्या विद्यार्थ्याची विद्यार्थिनी.
म्हणाली, काका, लेबलावर नुसतं ‘पाटणजवळ’ आहे.
मोबाइलवर आकाशातून काढलेला सडा दाखवला.
मला आधी कळेचना कुठून बघतोय.
मग पवनचक्क्या दिसल्या, त्यांचे तांबडे रस्ते,
मी बोट ठेवलं. इथं.
बोटाखाली पांढरा ठिपका होता,
चक्कीचा काँक्रीटचा पाया.
ती ‘अरेरे’ म्हणाली आणि वहीत काहीतरी खोडलं.

हे खरं होतं. सगळं नव्हतं.

रिटायर झाल्यापासून मी वर जातो.
जिथं शेंग तडकलेली सापडते तिथून
चार म्हाताऱ्या रुमालात बांधून आणतो,
आणि कड्याच्या त्या पायरीवर सोडतो
जिथं शेळी उतरत नाही,
खुरपंही नाही.
पहिली पाच वर्षं काही नाही.
यंदा अकरा.
मी दोन देणं लागत होतो.
वरचे नऊ कशाचे, ते मोजत बसलो नाही.

तेजल चप्पल घालत होती.
विचारलं, खरपुडी खाल्लीस कधी?
नाही म्हणाली, खाता येते?
तिच्या बुटक्या नखांत माती होती,
बहुतेक त्यावरूनच मी ठरवलं.

भादव्यात ये म्हटलं.
खुरपं आणू नकोस, तो मोबाइल बंद ठेव.
मुक्कामी ये, म्हणजे पहाटे निघता येईल.
माश्या सुटायच्या वेळेला
आपण तिथं असलं पाहिजे.